पडदा एक, आत दहा

आमच्या घरात चूल एक आणि जेवणारी तोंडं सात. करावे गावात खाडीकडे पाठ करून उभं असलेलं ते घर, पुढे एक खोली, मागे पडवी, आणि पडवीच्या कोपऱ्यात आईची चूल. तिच्या मागच्या अंगाला वैल होता. वैल म्हणजे चुलीचं दुसरं, मागचं तोंड. पुढे जाळावर तवा ठेवून आई तांदळाच्या भाकऱ्या थापायची आणि मागे वैलावर खाडीतल्या निवटे माशांचं कालवण तिने न बघताच शिजत असायचं. मध्येच तवा खाली उतरवून ती कालवण पुढे ओढायची, चव बघायची, पुन्हा मागे सारायची. रस्त्यापलीकडे नव्या इमारतींचे खांब ठोकायचं काम चाललेलं असे, धप्प, धप्प, आणि आईच्या भाकरीचा हात नकळत त्याच तालावर पडायचा. "बघ, सरकार माज्यासाठी ढोल वाजवतंय," असं ती म्हणायची. बाबा मिठागरावर, दादा एका कारखान्यात शिपाई, वहिनी घरात, धाकट्या दोघी शाळेत. आणि मी बारावी होऊन घरात बसलेली. बसलेली म्हणजे खरोखर बसलेली नव्हे. आईची मासळीची पाटी बाजारापर्यंत उचलून नेणारी, पण लोक त्याला बसलेलीच म्हणायचे.

आईची बाजारातली जागा म्हणजे आमच्या घरचं सोनं. कोपऱ्यावरची जागा, दोन्ही रस्त्यांनी येणारं गिऱ्हाईक आधी आईसमोर थांबणार. ती जागा आजीकडून आईकडे आली होती आणि आईकडून माझ्याकडे येणार होती; हे कोणी ठरवलं नव्हतं, सगळ्यांनी धरून चाललं होतं. माझा आवाज खणखणीत, हिशेबात मला कोणी फसवू शकत नव्हतं, आणि भांडायला लागले तर पलीकडच्या ओळीतल्या बायका माना वळवून बघायच्या. आई कौतुकाने म्हणायची, "ह्या पोरीचं तोंड मासळीसाठीच बनवलंय." मला ते कौतुक नको होतं. मासळीची लाज वाटायची असं नाही, तसं कोणी समजू नये. आजही मला मासळीच्या वासात माझं माणूस भेटल्यासारखं वाटतं. पण माझ्या डोक्यात कॉम्प्युटर बसला होता, आणि माझ्या डोक्यात एकदा काही बसलं की ते काढायला पहार लागते.

क्लास नेरूळला एका किराणा दुकानाच्या वर होता. खालून गूळ, खोबरं आणि केरोसिनचा वास यायचा. शिकवायला गायकवाड सर. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आलेले, बारीक, काळेसावळे, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या सव्वीस जणांसमोर सांगितलं, "बघा बरं का, मशीन एकच आहे. त्याला चार टर्मिनल जोडलेत, त्यातले दोन बंद आहेत आन तिसरं मनात आलं तर चालतं. तुम्ही भांडू नका." टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, डोकं सगळं त्या एका मोठ्या खोक्यात. त्या खोक्यावर युनिक्स नावाची व्यवस्था चालायची, आणि खोक्याला थेट जोडलेला जो मुख्य पडदा, त्याला म्हणायचं कन्सोल. कन्सोलवर फक्त सर बसणार. आम्ही आळीपाळीने उरलेल्या दीड टर्मिनलवर. मी पुठ्ठ्यावर पेनाने कीबोर्ड काढला होता आणि घरी त्यावर बोटं फिरवायची. वहिनी म्हणायची, "नंदाताई, आवाज नाय, उजेड नाय, कसला हो तुमचा कॉम्प्युटर?" मी म्हणायची, "वीज वाचते."

माझ्याच बाकावर बेलापूरची वैशाली नावाची मुलगी होती. एक दिवस उरलेलं दीड टर्मिनलही बंद पडलं आणि आम्ही दोघींनी सरांच्या मागे लकडा लावला, की तुम्ही जेवायला जाता तेवढा वेळ कन्सोल आम्हाला द्या. सर म्हणाले, "दोघी कशा बसाल एका पडद्यावर? एकीचं काम पुसून दुसरीचं करणार का?" आणि मग स्वतःच हसले. त्यांनी ऑल्टची कळ दाबून धरली आणि एफ-दोन दाबलं. पडद्यावरचं त्यांचं सगळं काम गडप. कोरा पडदा आणि वर एक ओळ: नाव सांगा. आम्ही दोघी एकदम ओरडलो, "सर, गेलं!" सरांनी ऑल्ट आणि एफ-एक दाबलं. काम परत हजर, जिथे सोडलं होतं तिथेच. पुन्हा एफ-दोन, पुन्हा कोरं. एफ-तीन, आणखी एक कोरं. लहान मूल पंख्याचं बटण दाबून बघतं तसं मी ते दहा वेळा दाबून बघितलं, शेवटी सरांनी माझा हात बाजूला केला.

मग डबा उघडत त्यांनी जे सांगितलं ते मी अजून विसरले नाही. म्हणाले, "आधी काय होतं, एक भलं मोठं मशीन, खोलीएवढं. त्याच्याशी बोलायचं दार एकच, त्याला कन्सोल म्हणायचे. पडदा पण नव्हता त्याला, टाइपरायटरसारखं यंत्र होतं, मशीन जे बोलेल ते कागदावर खटाखट छापायचं. एक माणूस समोर बसला की बाकीचे रांगेत. मग एकाच मशीनला पुष्कळ टर्मिनल जोडायला लागले, म्हणजे पुष्कळ माणसं एकदम बसली. ते झालं मोठ्या लोकांचं. पुढं ही छोटी मशीनं आली, ज्याच्याजवळ टर्मिनल घ्यायला जागा नाही आन ऐपत नाही अशा माणसांची. तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात आलं, की पडदा एकच असू दे, पण मशीनला वाटू दे की पुष्कळ आहेत. आतून व्यवस्थेनंच खोटे खोटे टर्मिनल बनवले. डोळ्यापुढं एक, बाकीचे मागं. पण मागं आहेत म्हणून थांबले नाहीत, त्यांचं काम चालूच." मी पटकन म्हणाले, "सर, वैल!" सरांना क्षणभर कळलं नाही. मग त्यांनी भाकरीचा घास हातात तसाच धरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हां! वैलच. माझ्या आईच्या चुलीला पण हाय की." त्या दिवसापासून सर जेवत असताना वैशालीचा दुसरा पडदा आणि माझा तिसरा. दहा मिनिटं तिची, दहा माझी. तिच्या दहा मिनिटांत माझा प्रोग्राम मागे शिजत असायचा. गरिबांसाठीच कोणीतरी ही युक्ती काढली असं तेव्हा मला पक्कं वाटलं, आणि अजूनही मी ते मत बदललेलं नाही.

गंमत म्हणजे ती युक्ती अजून जिवंत आहे. गेल्या महिन्यात कामोठ्याला माझ्या भाच्याकडे गेले होते. त्याच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, युनिक्सच्याच घराण्यातलं, चित्रंबित्रं सगळं गोठून बसलेलं, आणि हा पठ्ठ्या बटण दाबून बंद करायच्या तयारीत. मी त्याचा हात धरला, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-तीन दाबलं. काळा पडदा, वर पांढरी ओळ: नाव सांगा. तो म्हणाला, "आत्या, हे काय आहे? हॅक केलंस का तू?" मी म्हटलं, "अरे गाढवा, ही तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट आहे." त्याच्या घरात तीन मोठे स्क्रीन आहेत, आणि त्याला माहीत नाही की प्रत्येकाच्या मागे अजून तेच जुने पडदे उभे आहेत.

क्लास संपल्यावर सरांनीच मला तुर्भ्याच्या एका शीतगृहाचा पत्ता दिला. तिथे फळं, बटाटे, सुका मेवा, अशा मालाच्या पेट्या आणि गोणी थंड खोल्यांत ठेवायचे. त्यांनी नुकतंच युनिक्सचं मशीन घेतलं होतं: मशीन एक, कीबोर्ड एक, चालवणारं कोणी नाही. मालक खानोलकर साहेब, गोरे, घाईत असलेले, प्रत्येक वाक्यात 'टेन्शन' हा शब्द घालणारे. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाले, "गावातली आहेस? मला आयडिया होती कोणी मुलगा येईल. ठीक आहे, नवरात्रापर्यंत बघू. जमलं तर कायम, नाही जमलं तर बाय बाय, टेन्शन नको." तिथे तावडेमामा नावाचे जुने कारकून होते. कुठली गोणी कुठल्या खोलीत हे वीस वर्षं ते मोठ्या वह्यांत लिहीत आले होते. साहेबांनी वह्या बंद करून सगळं मशीनवर घ्यायला सांगितलं, तेव्हा मामांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते मला 'मशीनवाली' म्हणायचे. मीही ऐकून घेणारी नव्हते. "मामा, तुमचं अक्षर वाचायला दुसरं मशीन घ्यावं लागेल," असं म्हटलं की ते दोन दिवस बोलायचे नाहीत. पण तिसऱ्या दिवशी कागदात बांधलेली काजूची पुडी टेबलावर असायची.

त्याच सुमारास आमच्या बाजाराची नवी मंडई बांधून झाली. सिमेंटचे ओटे, वर पत्रा, नळाचं पाणी. जिची जिथे जागा, तिला तिथलाच ओटा, पण कागद हवा. आईचं नाव आणि तिच्यामागे बसणारीचं एकच नाव. एकदा लिहिलं की बदल नाही. मंडईच्या कमिटीचा माणूस खंडेनवमीला संध्याकाळपर्यंत देवळाच्या ओट्यावर बसणार होता, आणि माझी साहेबांनी दिलेली मुदतही तिथेच संपत होती. दोन्ही एकाच दिवशी जुळून आलेलं बघून मला देवीचाच राग आला. आईने आठवडाभर एकच धोशा लावला. "नोकरी पक्की झाली तर वहिनीचं नाव लिवू, नाय झाली तर तुजं. पन तुजं लिवून ठेवलं तर काय बिगडतं गो? नोकरी आज हाय, उद्या नाय. ओटा कुठं पलून जात नाय." मी म्हटलं, "आई, माझं नाव लिहिलंस की मी वर्षभरात तिथे बसलेली असेन. मी मला ओळखते. मागे बसायला जागा आहे हे कळलं की माणूस उठतच नाही." आई म्हणाली, "नोकरी नाय आन ओटाबी नाय, असं झालं तर?" वहिनी चुलीशी खाली मान घालून वाल सोलत होती. तिला ओटा हवा होता. तिला स्वतःचे चार पैसे हवे होते, दादाकडे हात न पसरता. पण ती तोंडाने मागत नव्हती, आणि तिच्या न मागण्यानेच मला जास्त बोचायचं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. बाबांचं मिठाचं फावडं, आईच्या भावाचं जाळं, आईची मासळी कापायची विळी. घासूनपुसून हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं, आणि नारळ ठेवायचा. नारळ ठेवायची आमच्या घरची रीत अशी, की जिथे हात चालतो त्या जागी ठेवायचा. फावड्याच्या दांड्याशी, जाळ्याच्या दोरीवर, विळीच्या पाटावर, जिथे आई पाय देऊन बसते तिथे. नवरात्रात नऊ दिवस घरात मासळी शिजत नसे, त्यामुळे सगळ्यांची डोकी आधीच तापलेली. त्या सकाळी वालाचं बिरडं आणि वडे खाऊन मी निघाले तेव्हा आईने दारातून एवढंच विचारलं, "काय लिवू?" मी म्हटलं, "वहिनीचं." आणि बसला पळाले.

ऑफिसात गेल्या गेल्या मी मशीनला मोठं काम लावलं. महिन्याभरात भरलेल्या सगळ्या नोंदी नीट लावून, खोलीप्रमाणे नवी यादी तयार करायची. चार-पाच तासांचं काम, आणि ते चालू असताना मशीन बंद पडलं तर अर्धी जुनी, अर्धी नवी अशी खिचडी होणार. बाहेर ट्रक उभे होते. दसऱ्यासाठी फळं जायची होती. वह्या पंधरा दिवसांपूर्वीच बंद झालेल्या, त्यामुळे कुठली पेटी कुठल्या खोलीत हे त्या दिवशी फक्त त्या खोक्याला माहीत होतं. अकरा वाजता तावडेमामा पूजेचं ताट घेऊन आले. वजनकाट्याची पूजा त्यांनी केली, थंड खोल्यांच्या मोटारींची साहेबांनी. मग मामा म्हणाले, "मशीनची पूजा मशीनवालीने करायची." टोमणाच होता, पण मला अभिमान वाटला. मी हळदकुंकू वाहिलं, पडद्यावर झेंडूची माळ सोडली. नारळ पडद्याच्या डोक्यावर ठेवून बघितला, तो घसरला. मग मी विचार केला, ह्या यंत्रात माझा हात कुठे चालतो? आणि नारळ कीबोर्डवर ठेवला, डाव्या कडेला, कळांच्या खाचेत, शेंडी वर करून. अगदी छान बसला. आम्ही सगळे मोटारींच्या खोलीत आरतीला गेलो.

परत आलो तर पडदा काळा. ओळ नाही, अक्षर नाही, काही नाही. मामांनी नारळ उचलून ताटात ठेवला आणि साहेबांनी एंटरची कळ दहा वेळा दाबली. काळं ते काळंच. मग त्यांनी सगळ्याच कळा दाबल्या. कीबोर्डला आवाज आणि पडद्याला दाद नाही. माझं धाबं दणाणलं. साहेबांनी मशीन विकणाऱ्यांच्या इंजिनियरला फोन लावला, आणि तिकडून नेहमीचा मंत्र आला: बंद करून पुन्हा चालू करा. साहेब फोन ठेवून सरळ भिंतीवरच्या बटणाकडे गेले.

"साहेब, नको!"

"काय नको? हँग झालंय ना?"

"आत काम चाललंय. बंद केलं तर सगळी यादी फाटेल."

"नंदा, बाहेर सहा ट्रक आहेत. पडदा मेलाय, दिसत नाही तुला? इंजिनियरला जास्त कळतं का तुला?"

मामा मागून म्हणाले, "वह्या बंद नका करू म्हणून मी सांगत होतो."

साहेबांचा हात बटणावर गेला आणि मी तो धरला. होय, धरला. मालकाचा हात, दोन महिन्यांच्या उमेदवारीवरच्या पोरीने, मनगटाला. आजही आठवलं की माझे कान गरम होतात. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. मी म्हटलं, "फक्त दोन मिनिटं. आणि सगळे गप्प बसा." मामांच्या हातातली घंटा अजून किणकिणत होती, ती मी ओढून घेतली. मग गुडघ्यांवर बसून खोक्याला कान लावला. आतून कुरकुर, कुरकुर असा आवाज येत होता, थांबून थांबून. डिस्क काम करतानाचा आवाज. मेलेलं माणूस कुरकुरत नाही. म्हणजे जे मेलं होतं ते मशीन नव्हतं, फक्त आमच्या समोरचा पडदा होता. काम मागे वैलावर चालू होतं!

पण मग पुढे काय आलंय? क्लासात आम्ही तीनच पडदे वापरले होते आणि तिन्ही पडद्यांवर नाव विचारणारी ओळ असायची. असा पूर्ण काळा पडदा मी कधी बघितला नव्हता. मी कीबोर्डकडे बघितलं. त्या काळच्या कीबोर्डवर एफच्या दहा कळा वर नसायच्या, डाव्या कडेला दोन ओळींत असायच्या, आणि सगळ्यात खालची एफ-दहा, तिच्या शेजारीच ऑल्ट. त्या दोन कळांवर नारळाचे केस चिकटलेले होते. कोणी केलं ते कळलं होतं. मीच केलं होतं. आमच्या घरच्या रीतीने, जिथे हात चालतो तिथे नारळ. नारळाने ऑल्ट धरून ठेवली होती आणि एफ-दहा दाबली होती, आणि आम्हाला दहाव्या पडद्यावर नेऊन सोडलं होतं, जिथे कोणी कधी काही लावलेलंच नव्हतं. निदान मला तसं वाटलं. खात्री नव्हती. मी ऑल्ट दाबली, एफ-एक दाबलं.

पडदा उजळला. यादी चालू होती. बटाट्याच्या खोलीपर्यंत पोचलीसुद्धा होती.

ऑफिसात एकदम गलका झाला. साहेब खुर्चीत बसले आणि रुमालाने कपाळ पुसायला लागले. मामांनी देवीच्या नावाने जयजयकार केला आणि माझ्या पाठीवर असा धपाटा मारला की मी टेबलावर आपटले. साहेब म्हणाले, "काय झालं होतं? इंजिनियरने काही गडबड केली होती का?" सगळ्यांना ते उत्तर आवडलं असतं. इंजिनियर समोर नव्हता, नारळ ताटात गेला होता, आणि अळीमिळी गुपचिळी करायला मला काहीच लागत नव्हतं. संध्याकाळी मुदत संपणार होती. त्या दिवशी मला ती नोकरी जेवढी हवी होती तेवढं आयुष्यात नंतर काहीही हवं वाटलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण मला हेही माहीत होतं, की खोटं बोलून ह्या खुर्चीत बसले तर रोज सकाळी ह्याच कीबोर्डवर हात ठेवायचाय.

"मीच केलं, साहेब," मी म्हटलं. "नारळ मी कीबोर्डवर ठेवला. त्याने कळा दाबल्या गेल्या." आणि सगळं सांगितलं, पडदे कसे असतात, आपण कुठे जाऊन पडलो होतो, सगळं. मामांचं तोंड उघडंच राहिलं.

साहेबांनी रुमाल घडी करून खिशात घातला. मग म्हणाले, "माझा हात धरलास तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"नाही. तेव्हा फक्त आवाज ऐकायचा होता."

"म्हणजे खात्री नव्हती. आणि तरी हात धरलास."

"बंद केलं असतं तर नक्की गेलं असतं. नाही केलं तर कदाचित राहिलं असतं. मी कदाचितच्या बाजूने गेले."

त्यांनी मान हलवली. होकाराची का नकाराची, ते मला कळलं नाही. "तू आज मला खूप टेन्शन दिलंस," ते म्हणाले. "कायम करायचं की नाही ते मी आज नाही सांगत. दसरा होऊ दे. परवा ये." मी यादी पूर्ण होईपर्यंत बसले, छापून मामांच्या हातात दिली, ट्रक सुटले, मग निघाले. कायम केल्याचं पत्र मला पुढे मिळालं, हे तुम्ही ओळखलंच असेल. सदतीस वर्षं मी ह्याच धंद्यात काढली. पण त्या संध्याकाळी ते माझ्या हातात नव्हतं, आणि मिळेल असं कोणी सांगितलेलंही नव्हतं.

देवळाच्या ओट्यावर गर्दी ओसरली होती. कमिटीचा माणूस कागद आवरत होता आणि आई त्याच्यासमोर मांडी ठोकून बसली होती, त्याला उठू देत नव्हती. शेजारी वहिनी, डोक्यावरून पदर घेऊन. आईने दिवसभर कागद कोराच ठेवला होता. तिचं नाव लिहिलेलं, खालची ओळ रिकामी. मी दिसताच ती ओरडली, "झालं का गो?"

"नाय अजून. परवा सांगतो म्हणाला."

आईने कपाळाला हात लावला. "बघ. मी तुना सांगत होती." मग कागद आणि पेन माझ्यासमोर सरकवलं. "मना लिवता येत नाय. तूच लिव. जिचं लिवशील तिचा ओटा. मागून माज्या नावानं रडू नको."

कमिटीचा माणूस म्हणाला, "ताई, लवकर करा, मला दिवाबत्तीच्या आत जायचंय." मी पेन घेतलं. वहिनी माझ्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी भ्यायले नव्हते असं म्हणणार नाही. सकाळी 'वहिनीचं' असं पळता पळता म्हणणं सोपं होतं. आता माझ्याच हाताने लिहायचं होतं आणि मागे काहीच नव्हतं. मी वहिनीचं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या नावासकट, ठळक, एकही खाडाखोड न करता. आईचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला.

आई रडली. वहिनी तर माझ्या गळ्यात पडून रडली. मी नाही रडले. मला परवा कामावर जायचं होतं.